वीस बंड्या आणि एक शिट्टी

धामणखेड
२ जुलै १९५७

प्रिय हरिदास,

रामराम. तुला दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून कळवायच्या आत मीच सांगतो. आपल्या नगरपालिकेनं पूर आणि आगीच्या बंदोबस्ताची एक समिती केली आहे, आणि तिचा प्रमुख म्हणून मला नेमलं आहे. हसू नको. कापसाच्या जिनात आपण दोघं बैलबंड्या हाकत होतो तेव्हाचा रूप्या आता गळ्यात पितळी शिट्टी घालून फिरतो.

नेमणूक झाली माझ्या तोंडामुळं. सभेत अध्यक्ष प्रभाकरराव वकील सांगत होते की दोन वर्षांमागच्या पुरात पालिकेनं दवंडी वेळेवर पिटली. मी मागच्या बाकावरून म्हटलं, "हो, पाणी उतरल्यावर पिटली. लोक कपडे वाळवताना ऐकत होते." सगळे हसले. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग रूपराव, यंदा तुम्हीच करा." झालं.

पण लेका, मी हे काम माझं हॉटेल चालवल्यासारखं मन लावून करतो आहे. यशोदा नदीच्या घाटावर पायऱ्यांना चुन्याच्या खुणा केल्या. घाटावर दिवसरात्र माणूस बसवला. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं की दवंडी, पाचव्या पायरीला लागलं की माझी शिट्टी, आणि शिट्टी झाली की वरच्या आळीतल्या वीस बंड्या जुंपून तुमच्या वस्तीकडं निघतील. माणसं थेट शाळेत. तिथं पोहे, गूळ, फुटाणे, कंदील, सगळं भरून ठेवलं आहे. पालिकेचा आगीचा हातबंबही दुरुस्त केला. गेल्या तीन वर्षांत त्यानं एकच काम केलं होतं, एका साहेबाच्या मुलीच्या लग्नात अंगणात सडा घालायचं.

तुझी आई ठणठणीत आहे. कालच मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "काऊन रे, शिट्टी फुकाले तुले पगार भेटते का?"

तुझा,
रूपराव

---

अजनी, नागपूर
१० जुलै १९५७

प्रिय रूपराव,

सप्रेम जयभीम. पत्र वाचून आनंद झाला. रेल्वेच्या आमच्या केबिनमध्ये मी ते मोठ्यानं वाचलं. सगळ्यांचं म्हणणं पडलं की शिट्टीचं काम अनुभवी माणसाला, म्हणजे मला, द्यायला हवं होतं.

आता कामाचं. मागच्या पुरात आई छपरावर बसून होती हे तुला ठाऊक आहे. तेव्हाही ती उतरायला तयार नव्हती. म्हणायची, "हे घर माया नवऱ्यानं बांधलं, नदीनं नाई." इकडं नागपूरला ये म्हटलं तर इथं तिला हवा मानवत नाही. आमच्या क्वार्टरची खिडकी दुसऱ्या क्वार्टरच्या खिडकीत उघडते, त्याला ती हवा म्हणत नाही. मी इथं रुळांचे सांधे बदलत असतो आणि जरा ढग आले की मन तिकडं धावतं. म्हणून सरळ विचारतो. पाणी आलं तर माझ्या आईला कोण काढणार? समिती नको सांगू, माणूस सांग.

आणि दुसरं. तुझ्या सगळ्या बंदोबस्तात आमच्या वस्तीला काय काम दिलं आहे? घाटावर कोण, दवंडीला कोण, बंड्या कोणाच्या, हे सगळं तू लिहिलंस. वस्तीचं नाव फक्त "माणसं उचलून आणायची जागा" म्हणून आलं.

तुझा,
हरिदास

---

धामणखेड
२४ जुलै १९५७

प्रिय हरिदास,

माणूस विचारलास, माणूस सांगतो. मी. बंडी नंबर एक सीताबाईंच्या नावावर केली आहे. हाकायला मी स्वतः बसणार. तुझ्या आईच्या हातची भाकर खाऊन मी बंडी हाकायला शिकलो, तिला दुसऱ्याच्या बंडीत कसा बसवीन?

गेल्या रविवारी आम्ही रंगीत तालीम घेतली. शिट्टी फुंकली आणि वीसच्या वीस बंड्या वस्तीत! गाव बघायला लोटलं. प्रभाकरराव छत्री घेऊन हजर. वस्तीतली पोरंबाळं बंड्यांत चढून बसली, उतरायलाच तयार नव्हती. पण तुझी आई? बंडी नंबर एक दारात उभी, मी हात जोडून उभा. बाई आत गेल्या, बकरी घेऊन बाहेर आल्या, बकरीला बंडीत चढवलं आणि म्हणाल्या, "हिले घेऊन जाय. हे तुयासारखीच हाय, जिकडं चारा तिकडं जाते. म्या इथंच हाओ." बकरी शाळेत जाऊन अर्धे फुटाणे खाऊन आली. वकीलसाहेबांनी अहवालात "सराव यशस्वी" असं लिहिलं.

वस्तीला काय काम, हे विचारलंस. अरे, तुमच्यावर संकट येणार, तुम्हाला आणि काम कशाला? तुम्ही फक्त बसून राहा, आम्ही उचलून आणतो.

आणि पोळा जवळ आला. तुमच्या वस्तीतल्या नत्थूची खिल्लारी जोडी यंदा तोरणाखाली मागं नाही, पुढच्या रांगेत उभी राहील. मी शब्द टाकून ठेवला आहे. तू सुट्टी काढून ये.

तुझा,
रूपराव

---

अजनी
२ ऑगस्ट १९५७

प्रिय रूपराव,

आईचा जिम्मा तू स्वतः घेतलास, मनावरचं ओझं उतरलं. बकरीची गोष्ट बायकोला तीनदा सांगावी लागली.

पण दोन गोष्टी मनाला लागल्या, त्या तुलाच सांगणार, दुसऱ्या कोणाला?

पहिली म्हणजे तोरण. गेल्या वर्षी आम्ही दीक्षा घेतली. यंदा वस्तीनं ठरवलं आहे की पोळ्याला बैल तोरणाखाली न्यायचे नाहीत. बैलाला आंघोळ घालू, पोटभर चारू, पण रांग नको. मागची नको तशी पुढचीही नको. तू शब्द टाकलास तो प्रेमानं, हे मला कळतं. पण पुढची जागा कोणाच्या शब्दानं मिळावी, हेच आता आम्हाला नको आहे.

दुसरी म्हणजे "बसून राहा". आम्ही पुष्कळ बसलो, रूपराव. वस्तीत चार बंड्या आहेत, नत्थूसारखी धडधाकट माणसं आहेत. तुझ्या वीसच्या वीस बंड्या एकाच आळीच्या. एखाद्या दिवशी त्या सगळ्यांनाच एकदम अडचण आली तर?

हरिदास

---

धामणखेड
१२ ऑगस्ट १९५७

हरिदास,

पत्र मिळालं. तोरणाचं समजलं. येत नसाल तर नका येऊ. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल, म्हणून लिहीत नाही.

बंड्यांची काळजी नको. तुला मंगळवारच्या बाजाराची शंका आली असणार, की त्या दिवशी सगळ्या बंड्या मालात गुंततात. त्याचा विचार मी आधीच केला आहे. मंगळवारी निम्म्या बंड्या गावातच राहतील, तसा हुकूम काढला आहे. रूपराव कच्चं काम करत नाही.

नदी पहिल्या पायरीला आहे. तुझी आई बरी आहे. काल माझ्या हॉटेलवरून गेली, चहा घे म्हटलं तर म्हणाली, "तुया चहात पानीच लय. पूर तिथूनच येईन."

रूपराव

---

अजनी
२२ ऑगस्ट १९५७

रूपराव,

कार्ड घाईत लिहितो. मंगळवार नाही रे बाबा. रविवारी पंचवीस तारखेला पोळा! त्या दिवशी तुझ्या आळीत बैलाच्या मानेवर जू कोण ठेवणार? जू धुऊन देवापुढं, चाकं काढून तेलपाणी, दोर सगळे नवे बांधायचे म्हणून जुने टाकलेले. वीस काय, दोनशे बंड्या असल्या तरी त्या दिवशी एक हलणार नाही. आणि इथं दोन दिवसांपासून पाऊस थांबलेला नाही, तिकडंही तसंच असणार. काहीतरी कर. तोरणाचं नंतर भांडू.

वस्तीत मी आमच्या खलाशाच्या हाती निरोप पाठवला आहे.

हरिदास

---

धामणखेड
३० ऑगस्ट १९५७

प्रिय, प्रिय हरिदास,

सगळे सुखरूप आहेत. तुझी आई सुखरूप आहे, गाव सुखरूप आहे, मीही आहे. आता निवांत वाच.

तुझं कार्ड मला सोमवारी मिळालं. आमचे पोस्टमन शनिवारी बैलांच्या खांदशेकणीला शेतावर गेले आणि पोळा करूनच परतले. त्यांचेही बैल आहेत ना.

रविवारी दुपारी पाऊस जरा उघडला. घाटावरच्या माणसानं सांगितलं, पाणी दुसऱ्या पायरीवर, काळजी नाही. गुजरीच्या, बाजाराच्या मैदानात तोरण बांधलेलं, बैल झुली घालून उभे, शिंगांना बेगड, झडत्यांची गाणी सुरू झालेली. मी धुतलेलं धोतर नेसून, शिट्टी छातीवर लोळवत, सगळ्यांशी हसत फिरत होतो. आणि मला एक आवाज ऐकू आला. माझे कान तुला माहीत आहेत, कढईत तेल किती तापलं हे मी पाठमोरा सांगतो. गिट्टीच्या बंड्या एकामागं एक ओतत याव्यात तसा आवाज. आणि तो नदीकडून नव्हता, पाठीमागून होता.

हरिदास, तिकडं जुना तलाव आहे. आम्ही दोन महिने नदीकडं डोळे लावून बसलो, पायऱ्या रंगवल्या, माणूस बसवला, आणि तलावाकडं पाठ केली. तलावाची पाळ फुटली. पाणी सरळ गुजरीत.

मी शिट्टी फुंकली. जीव तोडून फुंकली. वीसही बंडीवाले तिथंच होते, सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यातला बापूजी म्हणतो, "रूपराव, आज? जू तं देवापुढं हाय, चाकं भिंतीले टेकून हाय. म्या काय बैलाले कडेवर घेऊ?" तोवर बैलांनी दावी तोडली आणि झुलींसकट शाळेच्या चढावर धावले. जे चपळ होते ते बैलाच्या शेपट्या धरून गेले. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि प्रभाकरराव वकील खाली राहिले. त्यांना घेऊन मी माझ्या हॉटेलच्या माळ्यावर चढलो. खाली पाणी गल्ल्याला लागलं. जिलब्या परातीसकट दारातून बाहेर निघाल्या, कोणाला विचारलं नाही. वकीलसाहेबांनी माळ्यावरही छत्री उघडली. मी म्हटलं, "साहेब, पाणी खालून येऊन राह्यलं." ते म्हणाले, "रूपराव, सवय हो."

 माळा जुना, माणसं तीस-पस्तीस. तो करकरत होता हे फक्त माझ्या कानांना कळत होतं, आणि मी ते कोणाला सांगत नव्हतो. मनात एकच, की आता आपल्याकडं येणारं कोणी नाही. सगळा बंदोबस्त तर मीच होतो, आणि तो माळ्यावर बसला होता.

आणि मला घुंगरं ऐकू आली.

पाण्यातून, वस्तीच्या बाजूनं, चाकांच्या आखापर्यंत बुडालेल्या चार बंड्या. पुढं नत्थू, त्याची खिल्लारी जोडी नाकपुड्या फुगवून पाणी कापत येते आहे. आणि पहिल्या बंडीत, धुऱ्याला धरून, पदर खोचून उभी तुझी आई! दारासमोर बंडी आली, तिनं वर पाहिलं आणि साऱ्या गुजरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "काऊन रे रूप्या, माळ्यावर चिवडा काढाले चढला का? उतर. एक नंबरची बंडी आली. अन् बकरी नोको पाठवू, तूच बस!"

हरिदास, माळ्यावर अशी हसण्याची लाट आली की मला वाटलं आता हा पडतोच.

नत्थूनं नंतर सांगितलं. "हरिदासदादाचा निरोप भेटला, म्हनून बंड्या सकाळपासून जुंपून ठेवल्या होत्या. आमच्यासाठी. पन पानी तुमच्याकडं गेलं, मंग बंड्याबी तिकडंच वळवल्या." चार बंड्यांनी किती खेपा केल्या कोणी मोजल्या नाहीत. शाळेची वाट पाण्यात गेली होती, म्हणून गुजरीतली सगळी माणसं तुमच्या विहाराच्या टिनाच्या शेडमध्ये आणली. नदी चढली नव्हती, म्हणून तुमची काठावरची दरड कोरडी ठणठणीत. सगळ्या वस्तीच्या चुली पेटल्या. भाकर आणि अंबाडीची भाजी. आमच्या आळीची काही माणसं आधी जरा अवघडून बसली. मग प्रभाकररावांनी भाकर मोडली, खाल्ली आणि दुसरी मागितली. सीताबाई म्हणाल्या, "घ्या वकीलसाहेब, लाजू नोका. अहवालात लिहा, सराव यशस्वी." त्यानंतर कोणी लाजलं नाही.

माणूस एकही गेला नाही. आता गुजरीतलं पाणी आमचा हातबंब उपसतो आहे, विहिरींत पावडर टाकली, पटकीच्या सुया सगळ्यांना टोचल्या. मला टोचताना तुझी आई बघायला आली होती.

तुझा,
माळ्यावरचा रूपराव

---

अजनी
६ सप्टेंबर १९५७

प्रिय रूपराव,

तुझं पत्र केबिनमध्ये वाचलं आणि एक मालगाडी सिग्नलला जरा जास्तच उभी राहिली. सगळ्यांना माळ्याचा भाग पुन्हा हवा होता.

नत्थूनंही लिहिलं आहे. तू न लिहिलेली गोष्ट त्यानं लिहिली. माळ्यावरून तू सगळ्यांत शेवटी उतरलास, आणि तू बंडीत पाय ठेवलास तसा माळा खाली आला. आईनं तुझा हात धरला होता म्हणे, आणि वस्तीपर्यंत सोडला नाही. मी नदीत पडलो तेव्हाही तिनं मला असं धरलं नव्हतं, आधी मारलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन फिरणारी पोरं तुझ्यावर नवी झडती म्हणत होती, तीही कळली:

वीस बंड्यांचा हुकूम काढला, शिट्टी बांधली गळ्याले,
पानी आलं गुजरीत, अन् रूपराव चढले माळ्याले!

ही आता आमच्या सगळ्या केबिनला पाठ आहे.

तोरणाचं भांडण नंतर करू असं लिहिलं होतं. आता ते करायची इच्छा राहिली नाही. तुझी असेल तर कळव.

तुझा,
हरिदास

---

धामणखेड
२० सप्टेंबर १९५७

प्रिय हरिदास,

भांडण करायला मला फुरसत नाही, काम वाढलं आहे.

पालिकेची सभा झाली. मी उभा राहून म्हटलं, "माझा सगळा बंदोबस्त एका दिवशी बुडाला, कारण तो सगळा एका आळीचा होता. आमचा सण म्हणजे गावाची सुट्टी, असं मी धरून चाललो." मागच्या बाकावरून कोणीतरी झडती म्हटली. मीही म्हटली. प्रभाकररावांनी इतिवृत्तात घालू नका म्हणून सांगितलं.

मग ठराव असा झाला. नत्थू समितीत. तलावाच्या पाळीवर आता माणूस, नदीच्या घाटावर आहे तसा. शिट्ट्या दोन, एक माझ्याकडं, एक वस्तीत. आणि मुख्य गोष्ट ही. पोळ्याच्या दिवसांत गावाचा पहारा वस्तीच्या बंड्या करतील. आणि विजयादशमीला तुमची सारी वस्ती दीक्षेच्या सोहळ्याला नागपूरला जाईल, तेव्हा वस्तीचा पहारा आमच्या बंड्या करतील. बापूजीनं विचारलं, "अन् आमचं सोनं लुटनं? दसरा आमचाबी हाय." मी म्हटलं, "बापूजी, नत्थूनं पोळ्याला आपल्याला काढलं ते सुट्टी बघून का?" तो म्हणाला, "बरं, मंग सोनं तिकडंच आनून देजा."

तर दसऱ्याला मी तुझ्या आईच्या ओट्यावर बसणार, बंडी जुंपून. तिनं जायची कबुली दिली आहे, पहिल्यांदाच. अट एकच, बकरी माझ्याकडं राहील. तुझ्या आईला सांभाळून गाडीत बसवतो. तू स्टेशनवर ये. हवेबद्दल काही बोलली तर मनावर घेऊ नको.

तुझा,
रूपराव

---

अजनी
४ ऑक्टोबर १९५७

प्रिय रूपराव,

आई आली, काल सगळ्यांबरोबर सोहळ्याला गेली. एवढी माणसं पाहून म्हणाली, "इतक्यांले भाकरी कोन करते रे?" हवेबद्दल एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, आता राहील पंधरा दिवस. बायकोनं नवं नऊवारी आणलं, शेजारणींना सांगून झालं.

आज सकाळी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस. दोन गडगडाट झाले आणि आई पाटावरून उठली, लुगड्याची घडी केली, पिशवीत टाकली. मी म्हटलं, "काय झालं?"

म्हणाली, "मले गाडीत बसवून दे."

"अगं, काल तर आलीस. तिकडं पहारा आहे, रूपराव बसला आहे, वीस बंड्या आहेत."

माझ्याकडं तिनं असं पाहिलं, की जिनातल्या आपल्या दोघांपैकी शहाणा कोण हे तिनं आताच ठरवलं असावं.

"तेच म्हंते म्या," आई म्हणाली. "तिकडं पानी आलं, तं रूप्याले कोन काढीन?"

तर उद्या दुपारच्या गाडीनं येते. मीही येतो बरोबर, दोन दिवसांची रजा मिळाली आहे. हे पत्र आमचा खलाशी आजच घेऊन येईल. स्टेशनवर बंडी पाठव. नंबर एकचीच पाठव, नाहीतर ती बसणार नाही.

तुझा,
हरिदास